आई ‘ठणठणीत आहे’ म्हणते, तेव्हा

पत्र : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून बरेच आत आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई ७६ वर्षांची असून घरी एकटीच राहते. शेत मक्त्याने दिले आहे, दारात एक गाय आहे. मी पुण्याला नोकरीत, बहीण अमरावतीला. आईला रक्तदाब आणि साखर दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. यंदा पोळ्याला दोन दिवस गेलो, तेव्हा फडताळात साखरेचे चार पुडे निघाले, विजेचे बिल दोनदा भरायचे राहिले होते, आणि पुरणात गूळ घालायचाच राहून गेला. कपाळावर खूण दिसली म्हणून विचारले, तर महिन्यापूर्वी न्हाणीत पाय घसरल्याचे कळले. शेजारच्या काकूंनी सांगितले की पंधरा दिवसांत दोनदा तिने रात्री दोनला उठून चूल पेटवली. अंग घामाने भिजलेले होते आणि ‘उजाडलं ना’ म्हणत होती. आई म्हणते, “मी ठणठणीत आहे, माझ्यापायी कोणी धावत येऊ नका.” बहिणीचे म्हणणे असे, की तिला आता पुण्याला न्यावे आणि गाय विकावी, कारण गाईच्या निमित्तानेच ती घर सोडत नाही. माझे मन होत नाही. मदतीची वेळ आली, हे नेमके कशावरून ओळखायचे?

उत्तर : आपण साखरेचे पुडे, बिल आणि बिनगुळाचे पुरण अगोदर लिहिले, आणि रात्री दोनची चूल शेवटी, काकूंच्या तोंडून सांगितली. मी मात्र त्या चुलीपासूनच सुरुवात करणार आहे, कारण बाकीच्या गोष्टींना महिना-दोन महिने देता येतील, हिला देता येणार नाहीत. वर्षानुवर्षे सावकाश वाढत जाणारा विसराळूपणा वेगळा आणि पंधरा दिवसांत अचानक उपटलेला गोंधळ वेगळा. दुसऱ्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देता येत नाही. तो आजार आहे असे धरूनच चालावे लागते, आणि त्यातले पुष्कळसे आजार वेळेत कळले तर बरे होतात.

मी बरीच वर्षे ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते. साखरेच्या गोळ्या चालू असलेली म्हातारी बाई घामाने भिजून भलतेसलते बोलते आहे असे कोणी सांगत आले, की दुसरा कोणताही प्रश्न विचारण्याआधी आम्ही तिची साखर मोजत असू. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवतच राहतात. त्यामुळे रात्री अर्धी भाकर खाऊन किंवा नुसत्या साबुदाण्यावर राहून ती गोळी घेतली, तर मध्यरात्रीपर्यंत साखर ७० च्या खाली जाऊ शकते. आता एक हिशेब करा. आपण पोळ्याला गेलात, म्हणजे हे पंधरा दिवस श्रावणातले होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी यांपैकी तिने किती उपास धरले आणि त्या दिवशी गोळ्यांचे काय केले, हे आपण विचारले का? आपल्याकडे उपासाच्या दिवशी अन्न सोडले जाते, गोळी सोडली जात नाही. ‘गोळी चुकवायची नाही’ हे डॉक्टरांचे वाक्य तेवढे पक्के लक्षात राहिलेले असते.

दुसरी शंका कपाळावरच्या खुणेची. म्हातारपणी डोक्याला साधा मार लागला, तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत जाऊन त्याची लक्षणे दोन-चार आठवड्यांनी दिसू लागतात, असे होते. डोके दुखणे, दिवसा झोप येत राहणे, चालताना एका बाजूला झोक जाणे, गोंधळणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. तिसरी शंका लघवीच्या जंतुसंसर्गाची; या वयात तो ताप न येताही भ्रम आणतो. चौथी शंका रक्तातील सोडियम उतरण्याची. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर ते घडते. म्हणून या आठवड्यातच रजा काढून तिला डॉक्टरांकडे न्या आणि घरातल्या झाडून साऱ्या गोळ्या, रिकाम्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून सोबत ठेवा. त्या पिशवीत वडिलांच्या उरलेल्या गोळ्या निघाल्या, तर मला नवल वाटणार नाही. साखर, सोडियम, लघवी, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्यांविषयी स्वतः विचारा, आणि डोक्याचा स्कॅन हवा का हेही विचारा. आई माळकरी, शाकाहारी असेल आणि साखरेसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ कमी असण्याचा संभव बराच आहे, आणि त्यानेही स्मरण मंदावते.

तोवर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करून घामाची आणि रात्रीची हकिकत सांगा. काकूंना एवढे सांगून ठेवा, की पुन्हा तसे झाले आणि आई शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यायचे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा.

आता आपला मूळ प्रश्न. मदतीची वेळ ओळखायची तर माप तिच्याच जुन्या सवयीचे घ्यावे. जी बाई जन्मभर पसाऱ्यात नांदली, तिच्या घरचा पसारा काहीच सांगत नाही. पण जिची सांडशी चाळीस वर्षे एकाच खिळ्याला असायची, तिची सांडशी धान्याच्या कोठीत सापडली तर तेथे थांबावे. आपल्या आईने विजेचे बिल कधीच स्वतः भरले नसेल आणि ते वडीलच भरत असतील, तर बिल राहिले याला फारसा अर्थ नाही. तीच दर महिन्याला चालत जाऊन भरत असेल, तर अर्थ आहे. साखरेच्या चार पुड्यांचेही तसेच. विसरून आणले असतील, किंवा मोतीबिंदूमुळे फडताळाच्या अंधारात अगोदरचे दिसलेच नसतील. डोळे तपासल्याशिवाय डोक्याला दोष देऊ नये.

आई नऊवारी नेसत असेल, तर एक गोष्ट विशेष पाहा. लुगडे नेसायला दोन्ही खांदे वर जावे लागतात, बोटांत पकड लागते, एका पायावर क्षणभर तोल लागतो, आणि काष्टा, निऱ्या, पदर यांचा क्रम ध्यानात असावा लागतो. एवढी परीक्षा कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत घेत नाही. माझ्या आत्याने एका हिवाळ्यात लुगडे सोडून गाऊन घालायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ‘बरे झाले, सुटसुटीत’ म्हटले, आणि त्या म्हणणाऱ्यांत मीही होते. तिचा डावा खांदा वर जात नव्हता आणि निऱ्यांचा क्रम चुकत होता, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले. तोवर अंघोळही एक दिवसाआड झाली होती, कारण पाण्याची बादली उचलणे तिला जमत नव्हते आणि कोणाला सांगणे तिला रुचत नव्हते.

दुसरी परीक्षा भाकरीची. तिला भाकर करायला सांगू नका, करत असेल तेव्हा काहीतरी निमित्ताने जवळ बसा. पिठात पाणी बेताने पडते का, एक भाकर तव्यावर असताना दुसरी थापताना पहिलीचा विसर पडतो का, चुलीपुढून उठताना हात कशाचा आधार शोधतो, हे निमूट पाहा. तिसरी गोष्ट भिंत. तिच्या बाजेपासून न्हाणीच्या दारापर्यंतची भिंत सकाळच्या तिरप्या उजेडात नीट बघा. कमरेच्या थोडे वर, हाताच्या उंचीला, चुन्यावर तेलकट काळपट पट्टा उमटला असेल, तर ती रोज भिंत धरून चालते आहे, तोंडाने काहीही म्हणो. मोजूनच पाहायचे असेल तर खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळून परत येणे आणि बसणे, एवढ्याला बारा सेकंदांहून अधिक लागत असतील तर पडण्याची भीती आहे असे वैद्यकशास्त्र मानते. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, चोळी सैल झाली, तर वजन करा. सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे पन्नास किलोला अडीच किलो, विनाकारण उतरला तर त्याची दखल घ्यावी लागते.

हे सारे दोन दिवसांच्या मुक्कामात दिसत नाही. पोळ्याला किंवा दिवाळीला लेकरू येणार म्हटले की म्हातारी माणसे चार दिवस आधीपासून कंबर कसतात. अंगण सारवलेले असते, लुगडे धुतलेले असते, आणि आपण ‘माय बरी आहे’ असे समजून परतीची ट्रॅव्हल्स पकडतो. सणवार नसलेला एक आठवडा जाऊन राहा, आणि पहिल्या दोन दिवसांत जे दिसेल त्यावर काही ठरवू नका. फोनवर रोज ‘जेवलीस का’ विचारल्यास रोज ‘हो’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी ‘आज भाजी कोणती केली, वांगी कोणाच्या वावरातून आली, सायंकाळच्या प्रार्थनेला कोण कोण होते’ असे विचारावे. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला नेमाने जाणारी बाई ‘आज कंटाळा आला’ असे आठवडाभर म्हणू लागली, तर तिला नीट ऐकू येत नाही का, अंधारात वाट दिसत नाही का, की लघवी आवरत नाही म्हणून ती चार बायकांत बसत नाही, याचा शोध घ्यावा. हे तिसरे कारण बायका मुलाला कधीच सांगत नाहीत, म्हणून ते आपल्या बहिणीने विचारावे.

कामे हातून सुटण्याचाही सहसा एक क्रम असतो. पैशांचा हिशेब, गोळ्या, बाजारहाट, स्वयंपाक आणि फोन ही डोके लावून करायची कामे आधी सुटतात. अंघोळ, नेसणे, शौचाला जाणे, घास तोंडात घालणे ही अंगची कामे बहुधा त्यानंतर. आपल्या आईची पहिल्या प्रकारातली दोन-तीन कामे डळमळली आहेत, दुसऱ्या प्रकाराविषयी पत्रात काही नाही. तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की मदतीची वेळ आली आहे, पण घर मोडण्याची आलेली नाही. जे काम सुटले तेथेच मदत घालावी. जे तिला जमते ते प्रेमापोटी काढून घेतले, तर महिन्याभरात तेही जमेनासे होते.

गोळ्यांपासून सुरुवात करा. वारांचे खण असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती आठवड्यातून एकदा गावातल्याच कोणी भरावी आणि आदल्या आठवड्याचे खण रिकामे झाले का ते पाहावे. उपासाचे दिवस डॉक्टरांना आधीच सांगून त्या दिवसाच्या गोळीचे वेळापत्रक लिहून घ्या, म्हणजे धर्म आणि औषध यांत तिला निवड करावी लागणार नाही. बिल आपण मोबाईलवरून भरा, पण भरले की तिला आकडा सांगा.

घरात बाई ठेवण्याचा प्रश्न नाजूक आहे, कारण परक्या बाईच्या हाती चूल देणे तिला पटणार नाही, आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकाला बाई आणली तर दुसऱ्या दिवशी भांडण झाल्याचा फोन येईल. सुरुवात अंगण, पाणी, भांडी, धुणे यांपासून करावी. मग अंघोळीच्या वेळी पाणी काढून देणे आणि जवळपास असणे. चूल सर्वांत शेवटी, तीही आईने हाक मारली तर. बाई गावातलीच असावी आणि पगार महिन्याचा ठरवावा. येथे आपण पुण्याच्या हिशेबाने विचार कराल तर फसाल. सोयाबीनच्या सोंगणीत आणि त्यामागून येणाऱ्या कापसाच्या वेचणीत गावातल्या प्रत्येक हाताला वावरात मजुरी असते, आणि त्या दिवसांत घरकामाची बाई कोणाकडेच टिकत नाही. ‘सकाळी वावरात जाण्याआधी दोन तास आणि सायंकाळी आल्यावर एक तास’ असे ठरवून घेतले, तर तिची मजुरीही बुडणार नाही आणि आपली व्यवस्थाही. भर हंगामात थोडे अधिक द्यावे लागले, तर कुरकुर करू नका.

न्हाणीतले शेवाळ खरवडून काढा, भिंतीत पक्की लोखंडी दांडी बसवा, बसायला रुंद स्टूल ठेवा, शौचालय अंगणापलीकडे असेल तर वाटेवर रात्रभर दिवा राहू द्या. बाज झोळीसारखी सैल झाली असेल तर ओढून घ्या किंवा पलंग आणा. रात्री उठताना काठावर थोडा वेळ बसून मगच उभे राहायचे, हे तिला शिकवा. झटकन उठल्याने रक्तदाब उतरून पडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. हे काम दोन दिवसांचे आहे आणि त्याला कोणाच्या संमतीसाठी अडून बसू नका.

रात्र मात्र तूर्त एकटीची नको. तपासण्यांचा उलगडा होईपर्यंत काकू, त्यांची नात किंवा नात्यातली एखादी बाई ओसरीवर झोपायला असावी. पुढे पुन्हा रात्री चूल पेटू लागली, घर सोडून वाट चुकली, पडल्यावर स्वतः उठता येईना, माणूस हाताशी असूनही गोळ्या चुकू लागल्या, किंवा शौचाला पोहोचता येईना, यांतले एक जरी घडले तरी तिने एकटीने राहण्याचा काळ संपला असे समजावे, आणि मग ती काय म्हणते यापेक्षा ती सुरक्षित आहे का, याला महत्त्व द्यावे.

पुण्याचा विचार मी टाकून देत नाही, फक्त तो आज नको. स्मरण डळमळलेल्या माणसाला ओळखीचे घर निम्मे काम करून देते. अंधारातही न्हाणी कोठे आहे हे पायांना ठाऊक असते, आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत नसते. पण उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याची जाणीव कमी होते, आणि कुलर असला तरी त्यात बादलीने पाणी कोण घालणार आणि बिल वाढेल म्हणून तो लावणार कोण! ते दोन महिने तिने पुण्याला आपल्या घरी राहावे, जाण्यायेण्याची तारीख आधीच ठरलेली असावी, आणि पावसाआधी परत पोहोचवण्याचा शब्द आपण पाळावा. शब्द एकदा मोडला तर पुढच्या वर्षी ती येणार नाही.

सरकारी सोयींपैकी ज्या आपल्या उपयोगाच्या आहेत तेवढ्याच सांगते. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला कुटुंबास ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार होतात. ते आधीच काढून ठेवा, दाखल करायच्या रात्री धावपळ नको. गावच्या आशाताईंना भेटा, रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात मोजता येते. ७५ वर्षांवरील व्यक्तीस राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, तेव्हा तालुक्याला जाण्याचा खर्च हे न जाण्याचे कारण उरू नये. काही अडले तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

बहिणीशी बोलताना एक पथ्य पाळा. आईच्या सांभाळाचे बोलणे आणि शेताच्या वाटणीचे बोलणे एका दिवशी, एका बैठकीत होऊ देऊ नका. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने चरितार्थाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली आहे. हे कोणाला ऐकवण्यासाठी सांगत नाही, महिन्याचा खर्च, रजा आणि खेपा दोघांनी कागदावर वाटून घ्याव्यात म्हणून सांगते.

आणि आईला काय सांगायचे? ‘तुला आता जमत नाही’ हे वाक्य चुकूनही नको. “माय, रात्री तुझा विचार येऊन मला झोप येत नाही, माझ्यासाठी एवढे कर,” असे म्हणा. ते खरेही आहे. ‘माझ्यापायी कोणी येऊ नका’ म्हणणारी बाई स्वतःसाठी काही घेत नाही, लेकरासाठी घेते.

राहता राहिली गाय. ती विकू नका, निदान एवढ्यात नाही. गाईमुळेच आई पहाटे उठते, अंगणात चार पावले चालते, कुटार आणि ढेप किती उरली याचा हिशेब ठेवते, आणि दुधाच्या निमित्ताने दोन माणसे दाराशी येतात. धोका आहे तो दावे सोडण्या-बांधण्याचा, कारण गाईने एक हिसका दिला तरी ती पडेल. तेवढे आणि धार काढण्याचे काम शेजारच्या काकूंच्या मुलाकडे द्या. अर्धे दूध त्याने घ्यावे, कुटार आईने टाकावे, आणि एखाद्या सकाळी गाय हंबरतच राहिली तर त्याने कुंपणावरून हाक मारून पाहावे, एवढे त्याच्याशी फोनवर आजच बोलून ठेवा.